नवीन फिश टँकमधले निऑन टेट्रा आठवड्याभरातच का मरतात?

अंगावर चमकणारी निळी रेघ आणि मागच्या अर्ध्या भागात लाल पट्टा असलेला निऑन टेट्रा दुकानात लगेच नजरेत भरतो. पण घरी आणल्यावर आठवड्याभरात एकेक मासा मरू लागतो, असा अनुभव अनेकांना येतो. बऱ्याचदा कारण एकच असते : टाकी तयार नसते.

हा मासा कुठला?

निऑन टेट्रा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पेरू, कोलंबिया आणि ब्राझीलमधील अमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात तो आढळतो. त्याची लांबी जेमतेम ३ ते ४ सेंटीमीटर असते.

किती मासे ठेवावेत?

निऑन थव्याने राहतो. एवढ्याशा माशाला थव्यातच सुरक्षित वाटते. दोन-तीनच मासे ठेवले तर ते घाबरून कोपऱ्यात लपतात आणि नीट खात नाहीत. किमान ६, शक्यतो १० मासे ठेवा. त्यासाठी साधारण ६० लिटरची टाकी आणि लपायला पाणवनस्पती हव्यात.

पाणी ‘तयार’ होते म्हणजे काय?

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यातून अमोनिया तयार होतो. तो माशांसाठी विषारी असतो. फिल्टरमध्ये वाढणारे जीवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट बनवतात. नायट्राइटही विषारीच. हे जीवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोपर्यंत मासे न सोडता फिल्टर चालू ठेवा आणि रोज चिमूटभर खाद्य टाका. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आधी वाढून मग शून्यावर आले की मासे आणा.

सोबत कोणते मासे चालतात?

कोरीडोरास आणि छोटे रासबोरा चालतात. मोठा झालेला एंजल मासा निऑनला गिळू शकतो, त्यामुळे तो टाळा. गोल्डफिशही नको, तो मोठा होतो आणि त्याला थंड पाणी लागते.

रोजची काळजी

• तापमान २२ ते २६ अंश सेल्सिअस ठेवा. उन्हाळ्यात टाकी खिडकीतल्या उन्हापासून दूर ठेवा.
• आठवड्यातून एकदा साधारण पाव भाग पाणी बदला. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढणारे औषध टाकूनच ते वापरा.
• फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जीवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्या.
• मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य द्या.

रंग फिका पडला तर?

रात्री दिवा बंद असताना रंग फिका होणे नैसर्गिक आहे. पण दिवसाही अंगावर पांढरट डाग दिसले आणि मासा थव्यापासून वेगळा राहू लागला, तर ‘निऑन टेट्रा डिसीज’ असू शकतो. त्यावर खात्रीचा इलाज नाही. असा मासा लगेच वेगळ्या भांड्यात ठेवा, म्हणजे बाकीचा थवा वाचण्याची शक्यता वाढते.