तरंगंबाडीची बैठक

एकाच देवाचे नाव घेणाऱ्यांनी एका पंगतीला का बसू नये, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. पंढरीच्या वाटेवर तो कितीतरी वेळा विचारला गेला आहे. पण आपल्या शेजारच्या ख्रिस्ती बांधवांनाही तो तितकाच छळत होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. आपल्याला सगळे ख्रिस्ती सारखेच दिसतात. घंटा ऐकू आली, नाताळचा केक घरी आला, की आपले त्यांच्याविषयीचे ज्ञान संपले!

वास्तविक प्रॉटेस्टंट मिशनांनी हा देश आपसांत जवळजवळ वाटून घेतला होता. एकाच्या मुलुखात दुसऱ्याने शक्यतो जाऊ नये, असा सलोखा. हेतू चांगला, निष्पत्ती मात्र चमत्कारिक. महाराष्ट्रातच पाहा ना. नगरला अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे काँग्रिगेशनल पंथ; कोल्हापूर-सांगलीकडे प्रेसबिटेरियन; नाशिकला इंग्लंडच्या चर्चचे, म्हणजे अँग्लिकन; नागपुरात स्कॉटलंडचे. कोणी कोणत्या पंथाचे व्हावे हे बायबल वाचून थोडेच ठरले होते? आजोबांच्या गावी कोणत्या देशाचा पाद्री आधी पोचला, त्यावर ते ठरले. कोल्हापूरची लेक नाशिकला दिली, तर प्रभुभोजनाच्या वेळी सासरच्या मंडळीत ती परकी ठरायची.

हे ज्यांना फार बोचले, ते वेदनायकम सॅम्युएल अझरिया तिरुनेलवेलीकडचे. जन्म १८७४ चा, वडील खेड्यातले पाळक. तरुणपणी ते वाय. एम. सी. ए. चे काम करीत. १९०५ च्या नाताळात, २५ डिसेंबरला, ते, के. टी. पॉल आणि त्यांचे मित्र बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम केरीच्या ग्रंथालयात जमले. (१८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारा तोच हा केरी.) तेथे त्यांनी नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन केली. माणसे भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय, आणि पंथ कोणताही चालेल! वंगभंगाचे, स्वदेशीचे ते साल. चर्चच्या भिंतींना वारा अडवता येत नाही, तो असा.

पुढे १९१० साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत अझरियांनी गोऱ्या यजमानांना तोंडावर सांगितले, की तुम्ही आमच्यासाठी त्याग केलात, पैसा दिलात. आता थोडी मैत्रीही द्या. कित्येकांना ते झोंबले. तरीही १९१२ साली ते दोर्नकलचे बिशप झाले. भारतातले पहिले भारतीय अँग्लिकन बिशप.

आता तरंगंबाडी. तमिळ किनाऱ्यावरचे हे जुने डॅनिश बंदर. १७०६ साली झिगेनबाल्ग हा पहिल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांपैकी एक तेथेच उतरला होता. १९१९ च्या मे महिन्याच्या १ आणि २ तारखेला निरनिराळ्या पंथांचे ३३ जण तेथे जमले. दोघे सोडले तर सारे भारतीय. महायुद्ध नुकतेच संपले होते. त्यांनी जे निवेदन काढले त्याचा आशय असा, की आमच्यातल्या या फुटी आम्ही पाडलेल्या नाहीत. त्या बाहेरून आमच्यावर लादल्या गेल्या, आणि त्या पुढे चालवण्याची आमची इच्छा नाही. मला हे निवेदन जालियनवाला बागेनंतर तीनच आठवड्यांनी निघाल्याची नेहमी आठवण होते. त्यात राजकारण नाही, पण कणा तोच आहे.

योगायोग असा, की त्याच आठवड्यानंतर, ९ मे १९१९ ला, मुंबईत रेव्हरंड नारायण वामन टिळक वारले. त्यांचा तरंगंबाडीशी काही संबंध नव्हता. पण दोनच वर्षांपूर्वी ‘देवाचा दरबार’ मांडून त्यांनी बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्वांना एकत्र बोलावले होते. आणि त्यांची भजने तर कोणत्याही पंथाचा परवाना न विचारता सगळीकडे गेली.

भजने जातात, पाळक जात नाहीत. खरी गाठ तेथेच होती. अँग्लिकनांच्या मते पाळकाला दीक्षा द्यावी ती बिशपाने, कारण त्याची परंपरा थेट प्रेषितांपर्यंत पोचते. इतरांकडे बिशपच नव्हते. मग चाळीस वर्षे बाप्तिस्मे देणाऱ्या, प्रेतांना माती देणाऱ्या म्हाताऱ्या पाळकाला ‘या, आता तुम्हाला खरी दीक्षा देतो’ असे म्हणायचे? म्हणजे त्याचे सारे आयुष्य खोटे ठरवायचे! तोड निघाली ती अशी: आजचे सर्व पाळक आहेत तसे मान्य, यापुढच्या दीक्षा बिशपांच्या हातून, ३० वर्षांनी काय उरते ते पाहून चर्चने आपले आपण ठरवावे. आणि कोणत्याही मंडळीवर तिच्या मनाविरुद्ध पाळक वा उपासनापद्धती लादायची नाही, असे वचन. शास्त्र्यांना हे अर्धवट वाटले. मला यातच शहाणपण दिसते. काही भांडणे सोडवण्यापेक्षा म्हातारी होऊ द्यावीत.

इंग्लंडात मात्र गहजब झाला. कवी टी. एस. एलियट यांनी १९४३ साली या योजनेविरुद्ध पुस्तिका लिहिली. अझरियांनी १९२७ सालीच लोझानच्या परिषदेत सांगून ठेवले होते, की तुमच्याकडे ऐक्य हे एक ध्येय असेल. आमच्याकडे तो जगण्याचा प्रश्न आहे. के. टी. पॉल १९३१ ला गेले. अझरिया १ जानेवारी १९४५ ला गेले. आणि २७ सप्टेंबर १९४७ ला, स्वातंत्र्याला दीड महिना होतो न होतो तोच, मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया जन्मास आले. अँग्लिकन, मेथडिस्ट, आणि प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनलांचे १९०८ चे संयुक्त चर्च, असे तिघे मिळून. बिशप असलेले आणि नसलेले असे एकत्र येण्याचा एवढा मोठा प्रसंग रिफॉर्मेशननंतर घडला नव्हता. आंध्रातल्या नंद्याळचे हजारो अँग्लिकन मात्र रुसून बाहेरच राहिले, तेही पुष्कळ वर्षे.

उत्तरेची बोलणी १९२९ पासून चालली होती. तेथे बॅप्टिस्टही असल्यामुळे तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा की जाणत्याला, हा वाद जास्तीचा. दोन्ही चालतील असे ठरले. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरात सहा चर्चे एक झाली. दक्षिणेत जे टाळले ते येथे केले गेले: साऱ्या पंथांच्या पाळकांनी परस्परांचे हात मस्तकावर ठेवून घेतले, म्हणजे कोणी धाकटे राहायला नको. सातवे चर्च, अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांचे, अखेरच्या काही महिन्यांत मागे फिरले. ते आजही वेगळे आहे. नगर, नाशिक आणि कोल्हापूरच्या त्या जुन्या मंडळ्या मात्र आता एकाच चर्चच्या झाल्या आहेत.