बहुपत्नीक पूर्वज आणि संगणकीय वंशावळ : भोसले घराण्याच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

मराठी घराण्यांच्या वंशावळी दीर्घकाळ भाटांच्या पोथ्यांतून, तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून आणि विसाव्या शतकात छापील कुलवृत्तांतांतून जतन झाल्या. या सर्वांतील वृक्षाची सर्वपरिचित मांडणी पाहिल्यास सर्वांत वर मूळपुरुष, त्याखाली त्याचे पुत्र, त्याखाली पौत्र अशी ती असते. प्रत्येक रेषा पित्यापासून निघते आणि पुत्रापाशी पोहोचते. कन्या बहुधा गाळलेल्या असतात. पत्नीचे नाव असले तर ते बाजूला बारीक अक्षरांत. मूळपुरुषाला दोन वा तीन पत्नी असल्या तरी वृक्षाच्या आकारात त्यामुळे काहीच फरक पडत नाही, कारण सर्व पुत्र एकाच बिंदूपासून खाली उतरतात. कोणता पुत्र कोणत्या मातेचा, हे वृत्तांताच्या मजकुरात प्रथम कुटुंब, द्वितीय कुटुंब अशा उल्लेखांनी सांगितलेले असू शकते. वृक्ष मात्र त्याविषयी मौन बाळगतो.

धार्मिक आचारात हे मौन नव्हते, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे. महालयातील तर्पणात माता, पितामही व प्रपितामही यांच्यानंतर सापत्नमातेचाही नामोच्चार होतो. म्हणजे ज्या स्त्रीला वंशवृक्षात जागा नव्हती, तिला पितृपक्षात पाणी देण्याची सोय होती.

गेल्या चार दशकांत वंशावळी संगणकावर तयार होऊ लागल्या. या आज्ञावलींची अंतर्गत रचना पारंपरिक वृक्षाहून मुळातच भिन्न आहे. ज्या घराण्यांत बहुपत्नीत्व होते, त्यांच्या इतिहासासाठी या भिन्नतेचे परिणाम काय होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात भोसले घराण्याच्या आधारे केला आहे.

जेडकॉमची रचना

वंशावळीच्या माहितीची एका आज्ञावलीतून दुसरीत देवाणघेवाण करण्यासाठी ‘जेडकॉम’ हा संकेत 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची 5.5.1 ही आवृत्ती 1999 मध्ये मसुद्याच्या रूपाने आली आणि 7.0 ही आवृत्ती 2021 मध्ये. हा संकेत अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील मॉर्मन चर्चच्या कुटुंब-इतिहास विभागाने तयार केला. या पंथात एकोणिसाव्या शतकात बहुपत्नीत्व उघडपणे मान्य होते आणि 1890 च्या जाहीरनाम्याने त्याचा त्याग करण्यात आला. तेव्हा अनेक पत्नी असलेला पूर्वज ही या संकेताच्या निर्मात्यांना परकी गोष्ट नव्हती. पाश्चात्त्य आज्ञावली केवळ एकपत्नीव्रती समाजासाठी बनविलेल्या आहेत, हा आपल्याकडील समज तितकासा खरा नाही.

जेडकॉममध्ये मुख्य नोंदी दोन प्रकारच्या असतात : व्यक्ती आणि कुटुंब. कुटुंबाच्या एका नोंदीत पती जास्तीत जास्त एक, पत्नी जास्तीत जास्त एक आणि अपत्ये कितीही असू शकतात. एखाद्या पुरुषाला आठ पत्नी असतील, तर आठ कुटुंबे नोंदवावी लागतात आणि तोच पुरुष आठही ठिकाणी पती म्हणून येतो. महत्त्वाचा भाग पुढेच आहे. अपत्य हे थेट पित्याला जोडले जात नाही; ते कुटुंबाला जोडले जाते. त्यामुळे बहुपत्नीक पुरुषाच्या पुत्राची नोंद करताना नोंदकाराला त्या पुरुषाच्या कुटुंबांपैकी एकाची निवड करावीच लागते. जो प्रश्न पारंपरिक वृक्ष विचारतच नव्हता, तो येथे आरंभीच उभा राहतो.

पूर्वजांच्या क्रमांकनाची युरोपीय पद्धतही याच वळणाची आहे. 1590 मध्ये आयट्सिंगर याने वापरलेल्या आणि 1898 मध्ये केकुले फॉन स्ट्राडोनिट्स याने पुन्हा प्रचारात आणलेल्या या पद्धतीत व्यक्तीचा क्रमांक कोणताही असो, त्याच्या दुपटीचा क्रमांक पित्याचा आणि त्यापुढील क्रमांक मातेचा असतो. मातेचे नाव ठाऊक नसले तरी तिचा क्रमांक कुणाला देता येत नाही. तो रिकामा दिसत राहतो.

भोसले घराण्याचे उदाहरण

शहाजीराजे यांच्या जिजाबाई व तुकाबाई मोहिते या दोन पत्नींपासून दोन राजवंश निर्माण झाले. जिजाबाईंचे पुत्र शिवाजी महाराज यांच्यापासून सातारा व कोल्हापूर, तर तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजी यांच्यापासून तंजावर. तंजावरच्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये बृहदीश्वर मंदिरात भोसले वंशाचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी लेख कोरवून घेतला, तो या दुसऱ्या शाखेचा. केवळ शहाजीराजांपासून खाली येणाऱ्या वृक्षात हे दोन्ही पुत्र शेजारी दिसतात आणि दोघांमधील तणावाचे एक मूळ दृष्टीआड होते.

शिवाजी महाराजांच्या आठ राण्या होत्या. सईबाई निंबाळकर यांना सखुबाई, राणूबाई, अंबिकाबाई व संभाजी महाराज (1657). सोयराबाई मोहिते यांना बळीबाई व राजाराम महाराज (1670). सगुणाबाई शिर्के व सकवारबाई गायकवाड यांना प्रत्येकी एक कन्या. पुतळाबाई पालकर, काशीबाई जाधव, लक्ष्मीबाई विचारे व गुणवंताबाई इंगळे यांना अपत्य असल्याची नोंद नाही. पारंपरिक वंशावळीत यातून दोनच रेषा उरतात. जेडकॉममध्ये आठही कुटुंबे राहतात, निःसंतान चार धरून. आणि त्यांतून निंबाळकर, मोहिते, शिर्के, गायकवाड, पालकर, जाधव, विचारे, इंगळे या घराण्यांशी जोडलेल्या सोयरिकींचा पट आपोआप समोर येतो. स्वराज्याच्या उभारणीत या सोयरिकींचे राजकीय मोल किती होते, हे वेगळे सांगावयास नको.

मोहिते घराण्याचा धागा तर विशेष बोलका आहे. तुकाबाईंचे बंधू संभाजी मोहिते. त्यांचे अपत्य सोयराबाई व सरसेनापती हंबीरराव. हंबीररावांची कन्या ताराबाई. म्हणजे राजाराम महाराजांचा ताराबाईंशी झालेला विवाह हा मामेबहिणीशी झालेला विवाह होय. ताराबाईंच्या पुत्राला, दुसऱ्या शिवाजीला, एक क्रमांक देऊन वर जात गेल्यास सोयराबाईंचा पिता म्हणून 10 आणि हंबीररावांचा पिता म्हणून 12 असे दोन क्रमांक एकाच संभाजी मोहित्यांना मिळतात. पितृवंशापुरत्या वंशावळीत मोहिते एकदाही आले नसते; येथे ते दोनदा येतात.

राजाराम महाराजांच्या निधनानंतर (1700) जे घडले, ते मातांची नावे वगळून समजणे शक्यच नाही. ताराबाईंनी आपल्या पुत्रास गादीवर बसवून कारभार हाती घेतला. 1707 मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि सईबाईंची शाखा व सोयराबाईंची शाखा समोरासमोर उभ्या ठाकल्या. 1714 मध्ये राजसबाईंनी ताराबाईंना व त्यांच्या पुत्रास पन्हाळ्यावर कैद करून स्वतःचे पुत्र संभाजी यांना गादीवर बसविले. भावाभावांचा कलह असे याचे वर्णन करण्याची प्रथा आहे. वस्तुतः तो दोन सवतींच्या, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मंडळींच्या, सत्तास्पर्धेचा भाग होता. वारणेच्या तहाने (1731) सातारा व कोल्हापूर या पात्यांची विभागणी कायम झाली.

रचनेतील अडचणी

तथापि आज्ञावलीने मातेचे नाव मागितले म्हणून ते उपलब्ध होते असे नाही. बहुपत्नीक पुरुषाच्या एखाद्या पुत्राची माता अज्ञात असताना नोंदकार घाईने त्याला पहिल्या पत्नीच्या कुटुंबात टाकतो, ही या कामातील सर्वाधिक आढळणारी चूक आहे. छापील वंशावळीत जे केवळ अनुल्लेखित होते, ते संगणकात असत्य होऊन बसते आणि तेथून नकलून इतरत्र पसरते. वास्तविक पत्नीची जागा मोकळी ठेवून त्या पुरुषाचे एक स्वतंत्र कुटुंब नोंदविण्याची मुभा संकेतात आहे. ती फारशी वापरली जात नाही, कारण पडद्यावरील रिकामी चौकट नोंदकाराला अपुऱ्या अभ्यासाची खूण वाटते.

दुसरी अडचण क्रमाची. विवाहाच्या तिथी ज्ञात नसतील तर कुटुंबे ज्या क्रमाने नोंदविली, त्याच क्रमाने ती दिसतात, आणि वाचक त्यालाच विवाहक्रम समजतो. ‘फॅमिली ट्री मेकर’सारख्या आज्ञावलीत तर अनेक जोडीदारांपैकी एकास ‘पसंतीचा’ ठरवावे लागते आणि तक्त्यात प्रथम तोच दिसतो. सोयराबाई 1674 मध्ये राज्याभिषेकसमयी पट्टराणी होत्या. सईबाई त्यापूर्वीच, 1659 मध्ये, निवर्तल्या होत्या. यांतील पसंतीची राणी कोणती, याचा निर्णय तीन शतकांनंतर संगणकासमोर बसलेल्या संशोधकाने करावा, हा प्रकार काहीसा विनोदीच म्हटला पाहिजे. त्याखेरीज, आठ कुटुंबे अशी नोंद झाली तरी राजवाड्यातील कुटुंब एकच होते. जिजाबाईंच्या देखरेखीखाली वाढलेले संभाजी महाराज दोन वर्षांचे असतानाच मातेला मुकले होते, हे त्यांच्या कुटुंबनोंदीच्या चौकटीतून कळत नाही.

विवाहाच्या दर्जाबाबत मात्र हा संकेत जुन्या वंशावळींपेक्षा उदार आहे. कुटुंबाची नोंद करण्यासाठी विवाहाची घटना नोंदविणे बंधनकारक नाही. शहाजीराजांचे पुत्र संताजी नरसाबाईंचे म्हणून सांगितले जातात. परंतु नरसाबाईंचे स्थान विवाहित पत्नीचे होते की नाटकशाळेचे, याविषयी एकमत नाही. बाजीराव आणि मस्तानी यांचे पुत्र समशेर बहादूर (जन्म 1734) यांना पेशव्यांच्या अनेक वृक्षांत जागाच मिळाली नाही. तरीही 1761 मध्ये पानिपतच्या रणात ते लढले, त्यातच जायबंदी होऊन वारले आणि त्यांच्या वंशात बांद्याची नवाबी चालली. जेडकॉममध्ये काशीबाईंचे एक कुटुंब आणि मस्तानीचे एक, अशा सारख्याच दोन नोंदी होतात. दर्जाचा निवाडा न करता पितृत्व-मातृत्व नोंदविता येते.

दत्तक व वादग्रस्त वंश

दत्तकविधानाने हा गुंता आणखी वाढतो. एका व्यक्तीला एकाहून अधिक कुटुंबांत अपत्य म्हणून जोडता येते आणि प्रत्येक जोडणी जन्माची की दत्तकाची, हे सांगता येते. शाहू महाराजांना औरस पुत्र नव्हता. ताराबाईंनी रामराजा हा आपल्या पुत्राचा, दुसऱ्या शिवाजीचा, गुप्तपणे वाढविलेला मुलगा असल्याचे सांगितले. 1749 च्या डिसेंबरात शाहू महाराज वारले आणि 1750 च्या जानेवारीत रामराजा दत्तक या नात्याने साताऱ्याच्या गादीवर आला. म्हणजे दत्तकाने तो सईबाईंच्या शाखेत, तर जन्माने सोयराबाईंच्या शाखेत गणला जावयाचा. पण त्याच वर्षी ताराबाईंनी त्याला कैद केले, आणि 1752 मध्ये जेजुरीस खंडोबासमोर तो आपला नातू नव्हे असे शपथपूर्वक सांगितले.

जुन्या वंशावळीला यांपैकी एक बाजू घेऊन रेषा ओढावी लागे, किंवा ओढू नये लागे. जेडकॉमच्या 5.5.1 आवृत्तीपासून अपत्याच्या जोडणीला ‘सिद्ध’, ‘असिद्ध ठरलेली’ किंवा ‘वादग्रस्त’ अशी खूण लावता येते. रामराजाच्या जन्मकुटुंबाची जोडणी ‘वादग्रस्त’ म्हणून आणि दत्तकाची जोडणी ‘सिद्ध’ म्हणून नोंदविता येते. आणि ताराबाईंचे आधीचे सांगणे व नंतरची शपथ, दोन्ही त्या एकाच जोडणीखाली आधारासह ठेवता येतात.