मास्टर विठ्ठल

मास्टर विठ्ठल (१९०६–१९६९) हे मूकपटांच्या काळातील साहसपटांचे मराठी नायक आणि ‘आलम आरा’ (१९३१) या भारताच्या पहिल्या बोलपटाचे नायक होते. तलवारबाजीच्या व साहसी कसरतींच्या भूमिकांमुळे त्यांची तुलना हॉलिवुडचे अभिनेते डग्लस फेअरबँक्स यांच्याशी केली जाई.

प्रारंभ

विठ्ठल यांनी बालवयातच रंगभूमीवर पदार्पण केले. पुढे ते कोल्हापूर येथे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले. तेथे त्यांनी चित्रपट-संकलनाचे काम केले आणि ‘कल्याण खजिना’ (१९२४) या मूकपटात नर्तकीची छोटी भूमिका केली.

मूकपटांतील कारकीर्द

भोगीलाल दवे व नानूभाई देसाई यांनी १९२५ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या शारदा फिल्म कंपनीत विठ्ठल नायक झाले. ‘रतन मंजरी’ (१९२६) हा त्यांचा नायक म्हणून पहिला चित्रपट मानला जातो. मूकपटात संवादांचे काम पडद्यावरील लिखित मजकुराने होत असे. त्यामुळे झुंज, घोडदौड व उड्या यांनी रंगलेले कथानक कोणत्याही भाषेच्या आणि निरक्षर प्रेक्षकांनाही समजे. या प्रकारातील यशामुळे विठ्ठल यांची गणना त्या काळातील लोकप्रिय नायकांत होऊ लागली.

आलम आरा

अर्देशीर इराणी यांनी ‘आलम आरा’साठी विठ्ठल यांची निवड केली. त्यासाठी त्यांनी आधीच्या कंपनीशी असलेला करार मोडल्याने प्रकरण न्यायालयात गेले. विठ्ठल यांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी मांडली व निकाल त्यांच्या बाजूने लागला. हा चित्रपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात प्रदर्शित झाला. जुबेदा या त्यात नायिका होत्या.

या विजयानंतर वेगळीच अडचण उभी राहिली. विठ्ठल यांचे हिंदुस्तानी उच्चार समाधानकारक नसल्याने नायकाला बराच काळ अर्धवट शुद्धीत दाखवून त्याचे संवाद कमी ठेवण्यात आले, असे सांगितले जाते. देहबोलीवर कीर्ती मिळवलेल्या नटाला बोलपटात भाषेची परीक्षा द्यावी लागली. आज ‘आलम आरा’ची एकही प्रत उपलब्ध नाही, त्यामुळे त्यांचा हा अभिनय प्रत्यक्ष पाहता येत नाही.

उत्तरकाळ

हिंदी बोलपटांत विठ्ठल यांना मूकपटांतील स्थान टिकवता आले नाही. तरी ‘आवारा शहजादा’ (१९३३) या चित्रपटाचे त्यांनी दिग्दर्शन केले. पुढे ते मुख्यतः मराठी चित्रपटांकडे वळले. भालजी पेंढारकर यांच्या ‘नेताजी पालकर’ (१९३९) व ‘बहिर्जी नाईक’ (१९४३) या ऐतिहासिक चित्रपटांत मातृभाषेतील संवाद आणि तलवार या दोहोंना वाव होता. प्रभातच्या ‘रामशास्त्री’ (१९४४) या चित्रपटातही त्यांनी काम केले. नंतरच्या वर्षांत ते चरित्र भूमिका करीत राहिले. मूकपट आणि बोलपट या दोन्ही युगांतील त्यांची कारकीर्द चार दशकांहून अधिक काळाची होती.