न मागवलेला कण

इलेक्ट्रॉनचं वस्तुमान एक धरलं, तर म्यूऑनचं सुमारे 207 भरतं आणि टाऊचं 3,477. एवढं सोडलं तर तिघे एकाच साच्यातले: विद्युतभार तोच, स्पिन तोच, बलांना दिलेला प्रतिसादही तोच. क्वार्कांचीही अशीच तीन पिढ्यांची उतरंड आहे आणि न्यूट्रिनोही तीनच. आपण, आपली भांडीकुंडी, सह्याद्रीचा कातळ, सगळं पहिल्या पिढीच्या सामानावर चालतं. मग उरलेल्या दोन पिढ्या कशासाठी? या कोड्याभोवती लढवलेल्या तर्कांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. इथे नुसता आकडा जुळल्यानं कुणाचं भलं झालेलं नाही. कणाच्या वागणुकीला हात घातला, तेव्हाच पाऊल पुढे पडलं.

फसगतीची सुरुवात पहिल्याच कणापासून झाली. अणुकेंद्र बांधून ठेवणाऱ्या बलासाठी हिदेकी युकावा यांनी 1935 मध्ये एक नवा कण सुचवला. त्यांच्या हिशोबानं तो इलेक्ट्रॉनच्या 200 पट जड असायला हवा होता. दोन वर्षांच्या आत कार्ल अँडरसन आणि सेठ नेडरमायर यांनी विश्वकिरणांत साधारण त्याच वजनाचा कण दाखवला, आणि सोयरीक जमली असं सगळे धरून चालले. होमी भाभांनी तर 1939 मध्ये ‘नेचर’मध्ये त्याच्या नावाची डागडुजीही केली: ‘मेसोट्रॉन’मधला ‘ट्र’ मूळ ग्रीक शब्दात नाही, तेव्हा ‘मेसॉन’ म्हणा. नाव टिकलं, पण ज्याचं बारसं झालं तो कण त्या घरचा नव्हताच. हे उघड केलं रोममधल्या कोन्व्हेर्सी, पान्चिनी आणि पिच्चोनी यांनी. 1943 मध्ये शहरावर बॉम्ब पडले तेव्हा त्यांनी आपली उपकरणं उचलून व्हॅटिकनजवळच्या एका शाळेच्या तळघरात नेली होती. युद्ध संपल्यावर त्यांनी पाहिलं की ऋणभारित मेसॉन कार्बनमध्ये थांबवले, तर अणुकेंद्र त्यांना गिळत नाही. ते निवांतपणे आपल्या मरणानं मरतात. अणुकेंद्राला बांधून ठेवणारा कण अणुकेंद्राशी इतका परक्यासारखा कसा वागेल? युकावांचा खरा कण, पायॉन, 1947 मध्ये ब्रिस्टलला मिळाला. हातात उरला तो म्यूऑन, म्हणजे नुसता जाडजूड इलेक्ट्रॉन. हा कुणी मागवला होता, हा इसिडोर राबी यांचा वैतागलेला प्रश्न प्रसिद्धच आहे.

त्यानंतर आकड्यांचा खेळ रंगला, आणि खेळणारे कच्चे गडी नव्हते. 1952 मध्ये योइचिरो नाम्बूंनी दाखवलं की इलेक्ट्रॉनच्या 137 पटींचा निम्मा हिस्सा एकक मानला, तर म्यूऑन त्याच्या तिप्पट आणि पायॉन चौपट येतो. दहा वर्षांनी डिरॅक यांनी इलेक्ट्रॉन हा ताणलेला बुडबुडा आणि म्यूऑन ही त्याचीच उत्तेजित अवस्था, अशी कल्पना मांडली. गणित 53 पटींवर अडलं, हवे होते 207. सगळ्यांत देखणं सूत्र योशिओ कोइडे यांचं, 1980च्या दशकाच्या सुरुवातीचं. तिन्ही वस्तुमानांची बेरीज करा, तिला त्यांच्या वर्गमुळांच्या बेरजेच्या वर्गानं भागा, उत्तर दोन-तृतीयांश. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवरही पडताळता येतं: 0.511, 105.66 आणि 1776.9 हे (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टमधले) आकडे घातले की 0.6667 येतं. मौज अशी की तेव्हा टाऊचं मोजलेलं वस्तुमान 1784च्या आसपास होतं आणि सूत्र 1777 मागत होतं. 1992 मध्ये बीजिंगच्या प्रयोगानं नवं मोजमाप दिलं, ते 1777च्या बाजूनं.

मग हे सूत्र खरं का मानू नये? बामरनं 1885 मध्ये हायड्रोजनच्या रेषांचं सूत्र असंच अंदाजानं बसवलं होतं, आणि पुढे बोर यांनी त्यातूनच अणू उलगडला. आक्षेप वजनदार आहे. पण बामरच्या सूत्रामागे रेषांची न संपणारी रांग उभी होती. चार रेषांवरून बांधलेलं सूत्र त्यांच्या पलीकडच्या रेषांनाही लागू पडलं. कोइडे यांच्याकडे आकडे तीनच आणि कसोटी एकच. शिवाय वस्तुमान ही काही दगडावरची रेघ नाही. कणाभोवती क्षणभंगुर कणांचं कोंडाळं असतं, त्यामुळे ज्या ऊर्जेला तुम्ही पाहाल त्याप्रमाणे वस्तुमान बदलतं. बॉटम क्वार्कचं स्वतःच्या पातळीवर सुमारे 4.2 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरतं, तर झेड कणाच्या वस्तुमानाइतक्या ऊर्जेला ते तीनच्याही खाली येतं. लेप्टॉनांचं, म्हणजे इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ यांचं, बदलणं फार थोडं, तरी तेवढ्यानंही दोन-तृतीयांशाचं गणित किंचित चळतं. निसर्गाचा मूळ नियम आपल्या मोजण्याच्या पातळीवरच नेमका खरा का ठरावा, याला सूत्राकडे उत्तर नाही.

याच बदलत्या वस्तुमानांचा उपयोग करून घेणारा तर्क मला जास्त प्रामाणिक वाटतो. 1977 मध्ये चॅनोविट्झ, एलिस आणि गायार यांनी मांडलं की प्रचंड ऊर्जेला बॉटम क्वार्क आणि टाऊ यांचं वस्तुमान एकच असावं आणि खाली येताना क्वार्क फुगत जात असावा. गणितातून दोघांचं गुणोत्तर बऱ्यापैकी मिळालं, आणि ते मिळायला पिढ्याही तीनच लागत होत्या. हाच न्याय खालच्या दोन पिढ्यांना लावला की मात्र डाव उलटतो: स्ट्रेंज क्वार्क डाऊनच्या 207 पट जड हवा, प्रत्यक्षात तो साधारण वीसपट आहे. जॉर्जी आणि यार्ल्सकोग यांनी 1979 मध्ये मधल्या पिढीत तीनचा गुणक घालून ठिगळ लावलं. ठिगळ ते ठिगळच. पण फाटलं कुठे ते तरी दिसलं. कोइडेंच्या सूत्रात फाटायला जागाच नाही.

खरी बाजी मारली ती वस्तुमानाचा एकही आकडा न सांगणाऱ्या लेखानं. 1973 मध्ये, फक्त तीन क्वार्क माहीत असताना, क्योटोच्या कोबायाशी आणि मास्कावा यांनी विचारलं: कण आणि प्रतिकण यांच्या वागण्यात दिसलेला बारीक भेद समीकरणांत बसायला किमान किती क्वार्क लागतील? चारांत भागत नाही, सहा लागतात. म्हणजे तीन पिढ्या. टाऊ 1975 मध्ये, बॉटम 1977 मध्ये, टॉप 1995 मध्ये आला, आणि 2001 मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या प्रयोगांनी तो भेद बॉटम क्वार्क असलेल्या बी-मेसॉनांतही पकडला. यावर कुणी म्हणेल की ‘किती लागतात’ हे ‘का आहेत’चं उत्तर नव्हे. कबूल. विश्वात प्रतिद्रव्यापेक्षा द्रव्य जास्त उरलं त्याचं कारण या भेदात शोधावं, तर तो फारच तोकडा पडतो. म्हणजे तिसरी पिढी आपल्यासाठीच मुद्दाम ठेवली होती, असंही म्हणता येत नाही. जिनिव्हाजवळच्या सर्नमधल्या लेप यंत्रानं हलक्या न्यूट्रिनोंची मोजदाद 2.984वर आणून ठेवली, त्यामुळे त्याच धर्तीच्या चौथ्या पिढीचं दारही जवळपास बंद झालं. न्यूट्रिनोंना वस्तुमानहीन मानणाऱ्या कणभौतिकीच्या जुन्या प्रमाणित प्रतिकृतीतले (स्टँडर्ड मॉडेल) 13 आकडे, म्हणजे नऊ वस्तुमानं आणि मिश्रणाचे चार, अजूनही कुठल्या तत्त्वातून निघत नाहीत. प्रयोगशाळेत मोजायचे आणि समीकरणांत हातानं भरायचे.