प्रस्तावना : ‘आता मी खाऊ काय?’

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की शस्त्रक्रिया कधी, केमो किती, हे डॉक्टर सांगतात. सगळं ऐकून उठलेली बाई दारापाशी थांबते आणि विचारते, ‘आता मी खाऊ काय?’

या प्रश्नाच्या पोटात आणखी दोन प्रश्न असतात. माझ्या खाण्यात काही चुकलं म्हणून हे झालं का? आणि नीट खाल्लं तर ते परत येणार नाही ना? पहिल्याचं उत्तर तिथल्या तिथे द्यावं. कोणत्याही एका बाईच्या आजाराचं खापर तिच्या ताटावर फोडता येईल, असं ज्ञान कुणापाशीही नाही. दुसऱ्याला वेळ लागतो.

त्यासाठी अमेरिकेतले दोन अभ्यास शेजारी शेजारी ठेवून वाचा. ‘विन्स’ या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतरच्या २,४३७ स्त्रिया होत्या. त्यांतल्या एका गटाने जेवणातलं तेल-चरबी बरीच कमी केली. २००६ मध्ये निष्कर्ष आले. सुमारे पाच वर्षांत त्या गटातल्या ९.८ टक्के स्त्रियांमध्ये आजार उलटला होता, तर नेहमीचं खाणाऱ्यांत १२.४ टक्के. आशा वाटावी असे हे आकडे. पुढच्याच वर्षी ‘व्हेल’चे निष्कर्ष आले. इथे ३,०८८ स्त्रिया होत्या आणि आहार अधिक काटेकोर होता : भरपूर भाज्या, फळं, चोथा, कमी चरबी. सरासरी ७.३ वर्षांनी आकडे होते १६.७ आणि १६.९. म्हणजे फरक नाहीच.

मग खरं कोणतं मानायचं? माझ्या मते या क्षेत्राचं खरं शिक्षण इथे सुरू होतं. ‘विन्स’मधल्या आहार बदललेल्या स्त्रियांचं वजन दुसऱ्या गटापेक्षा अडीच-पावणेतीन किलोंनी कमी राहिलं होतं. ‘व्हेल’मध्ये वजनात तसा फरक पडला नाही, शिवाय त्या स्त्रिया आधीपासूनच भाज्या-फळं बऱ्यापैकी खात होत्या. फायदा तेल कमी केल्याचा होता की वजन उतरल्याचा, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. भाजी वाया गेली, असा याचा अर्थ मुळीच नाही. या आजारातून बऱ्या झालेल्या वयस्कर स्त्रियांना पुढे हृदयविकार गाठतो, आणि तिथे भाजी-फळांचा उपयोग आहेच.

सोयाबीनची भीती वेगळ्या वाटेने आली. त्यातल्या इस्ट्रोजेनसारख्या घटकाने उंदरांमधल्या गाठी वाढल्याचं प्रयोगशाळेत दिसलं, आणि बायकांना सोया बंद सांगितलं गेलं. पण उंदराचं शरीर तो घटक आपल्यासारखा पचवत नाही. शांघायमधल्या ५,०४२ रुग्ण स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सोयाचे पदार्थ जास्त खाणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. या स्त्रिया टोफूसारखे रोजचे पदार्थ खात होत्या, गोळ्या-कॅप्सूल नव्हे. मराठवाड्या-विदर्भात सोयाबीन शेतात उभं असतं. तिथल्या रुग्णाला सोयावडीच्या भाजीबद्दल निर्धास्त करता येणं, ही लहान गोष्ट नाही.

केमोच्या दिवसांत तर प्रश्नच बदलतो. तोंड येतं, पाण्यालाही लोखंडाची चव लागते, फोडणीच्या वासाने ढवळून येतं. तेव्हा मऊ भात, मेतकूट, मुगाची खिचडी, गार ताक, जे उतरेल ते. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना बाहेरची कापलेली फळं आणि उघड्यावरचा रस नको. पण भेटायला येणारा प्रत्येक जण ‘अशक्तपणा येईल’ म्हणून तुपातला शिरा, बदामाचे लाडू आणतो. त्या प्रेमाचा मान राखूनच सांगावं लागतं, की या आजाराच्या उपचारांत पुष्कळ जणींचं वजन घटत नाही, वाढतं. स्टेरॉइड असतात, हालचाल कमी होते, पाळी अकाली थांबते. चरबी वाढते आणि स्नायू झडतात. शिऱ्यापेक्षा तिला डाळ, अंडं, मासा, दही यांची गरज जास्त असते.

‘पथ्य’ हा आपला शब्द ‘पथ’ म्हणजे वाटेवरून आला. जे वाटेला धरून आहे, ते पथ्य. आपण मात्र त्याचा अर्थ ‘काय सोडायचं’ एवढाच करून टाकला. निदानानंतर बाई साखर सोडते, दूध सोडते, भात सोडते, आणि संकष्टी-एकादशीचे उपास मात्र आणखी कडक करते.

शिवाय या अभ्यासांत ताट एकटीचं धरलेलं असतं. आपल्याकडे ते तसं नसतं. आजारी पडली तीच अनेकदा घरातली स्वयंपाकीण असते. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर ती बसते, आणि तोवर डाळीचा तळ दिसू लागलेला असतो. केमोच्या तिसऱ्या दिवशी फोडणीचा वास सोसत तीच पोळ्या लाटत असेल, तर आहारतज्ज्ञाने लिहून दिलेला तक्ता फ्रिजवर चिकटून राहील.

म्हणून आहाराची नोंद घेताना ‘काल काय खाल्लंत?’ याच्या आधी विचारा, ‘काल स्वयंपाक कुणी केला?’ आणि उत्तर द्यायला ती सोबत आलेल्या नवऱ्याकडे किंवा सासूबाईंकडे पाहू लागली, तर तेही नोंदवा.