प्रिन्स एडवर्डचे मार्गफलक

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या हमरस्त्यांवरून जाताना कडेला खांबांवर उभारलेले, रुपेरी पृष्ठावर काळ्या अक्षरांचा मजकूर आणि माथ्यावर राज्यमुद्रा धारण करणारे जे धातूचे फलक दृष्टीस पडतात, त्यांची योजना राज्य सरकारने 1926 साली, हॅरी बर्ड हे गव्हर्नर असताना, हाती घेतली. आणि मोटारीतून देश पाहावयास निघालेल्या प्रवाशाने आपल्या मुलखात थांबावे, चार पैसे खर्चावेत, हा तिच्यामागील एक व्यवहारी हेतू होता. प्रत्येक फलकाच्या पायथ्याशी उभारणाऱ्या खात्याचे नाव व साल असते. वरचा मजकूर घडलेल्या गोष्टीची हकीकत सांगतो. खालचे साल, ती गोष्ट सांगावी असे सरकारास केव्हा वाटले, याची साक्ष देते.

या दुहेरी साक्षीचे मर्म प्रिन्स एडवर्ड काउंटीत जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होत असेल. 1754 साली अमेलिया काउंटीतून वेगळा काढलेला, तंबाखूच्या शेतीवर आणि गुलामांच्या श्रमावर पोसलेला हा प्रांत, फार्मव्हिल हे त्याचे मुख्य ठाणे. आपल्या गावांच्या वेशीवरील वीरगळांप्रमाणे येथील रस्त्यांवरही रणभूमीच्या स्मृतीला मोठा मान आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या अखेरीस, 6 एप्रिल 1865 रोजी सेलर्स क्रीकच्या लढाईत दक्षिणेच्या जनरल लीच्या सैन्याची वाताहत झाली. दुसऱ्या दिवशी ॲपोमॅटॉक्स नदीवरील हाय ब्रिज हा उत्तुंग रेल्वेपूल माघार घेणाऱ्या सैन्याने पेटवून दिला. आणि त्याच दिवशी फार्मव्हिलमधून उत्तरेच्या जनरल ग्रँटने शरणागतीची मागणी करणारे पहिले पत्र लीला धाडले. दोन दिवसांनी युद्धाचा निकाल लागला.

परंतु त्या युद्धाच्या अर्धशतक आधीच या काउंटीत स्वातंत्र्याचा एक विलक्षण प्रयोग झाला होता. रिचर्ड रँडॉल्फ नावाच्या जमीनदाराने, आपल्या पदरच्या गुलामांना मुक्त करावे व जमीन द्यावी, असे मृत्युपत्रात लिहून ठेवून 1796 साली देह ठेवला. त्या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्याची विधवा ज्यूडिथ हिने 1810-11 च्या सुमारास केली, आणि सुमारे 90 मुक्त स्त्री-पुरुषांनी 350 एकरांचा ताबा घेऊन त्या टेकाडास इस्राएल हिल असे नाव दिले. गुलामगिरीच्या भर अमदानीत स्वतःच्या मिळकतीवर शेती करणाऱ्या, नदीवर नावा चालविणाऱ्या या लोकांचा आज रस्त्याकडेला स्वतंत्र फलक आहे.

त्याच फार्मव्हिलमध्ये रॉबर्ट रसा मोटन हायस्कूल ही काळ्या मुलांची शाळा 1939 साली बांधली गेली. 180 विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत 450 हून अधिक मुले कोंबण्यात आली, आणि उरलेल्यांची सोय डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत करण्यात आली. गोऱ्यांच्या शाळेची सुस्थिती डोळ्यांसमोर असताना हा पंक्तिप्रपंच निमूटपणे सोसण्याचे नाकारून, 23 एप्रिल 1951 रोजी बार्बरा जॉन्स या 16 वर्षांच्या विद्यार्थिनीने सर्व शाळेला संपावर नेले. पाद्री फ्रान्सिस ग्रिफिन मुलांच्या पाठीशी उभे राहिले. ऑलिव्हर हिल व स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांनी 117 विद्यार्थ्यांच्या वतीने दावा गुदरला. आणि शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा 1954 चा जो निवाडा, त्यात एकत्र केलेल्या पाच दाव्यांपैकी हा एक होता.

या निवाड्याला व्हर्जिनियाने दिलेल्या उत्तराचे अध्वर्यू ठरले ते हेच हॅरी बर्ड, आता सेनेटर झालेले. त्यांनी 1956 साली पुकारलेल्या प्रचंड प्रतिकाराच्या धोरणाची परिसीमा प्रिन्स एडवर्डमध्ये झाली: काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र बसविण्यापेक्षा शाळाच नकोत, असे ठरवून काउंटीच्या कारभारी मंडळाने 1959 साली शाळांचा तनखा बंद केला. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी उभी राहिली. काळ्या मुलांपैकी काही नातलगांकडे परगावी गेली, काही शेतात राबली, काहींचे शिक्षण कायमचे तुटले. 1963 साली तात्पुरत्या मोफत शाळा निघेपर्यंत व 1964 साली सर्वोच्च न्यायालयाने काउंटीला फटकारेपर्यंत सरकारी शाळांची कुलुपे निघाली नाहीत.

मोटन शाळेची इमारत 1998 साली राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरली, आणि बर्ड यांच्याच अमदानीत सुरू झालेल्या योजनेचा फलक, तीच राज्यमुद्रा माथ्यावर घेऊन, तिच्यापाशी उभा राहिला. ज्या मंडळाने शाळांना कुलूप लावले त्याच्याच वारसांनी 2008 साली त्या कृत्याबद्दल खेद प्रकट केला. पण धातूवर कबुली उमटविण्यास खर्च बेताचाच येतो. गेलेल्या वर्षांची भरपाई म्हणून राज्याने त्या मुलांसाठी शिष्यवृत्तीची तजवीज केली ती 2004 साली. तोवर ती मुले पन्नाशीच्या आगेमागे पोहोचली होती, आणि त्यांतील काहींनी त्या वयात पुन्हा वर्गात बसून शिक्षण पुरे करण्याचा अर्ज भरला.