वानुआतूचा चौतीस वर्षांचा पाठपुरावा

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात मोठ्या राष्ट्रांना पाने मिळतात, लहानांना एखादी ओळ. वानुआतूला तीही मिळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस प्रशांत महासागरात सुमारे ८० बेटांवर वसलेला, साधारण तीन लाख वस्तीचा हा देश. १९०६ पासून ब्रिटन आणि फ्रान्स यांनी तेथे संयुक्त राज्य केले. १९८० साली तो स्वतंत्र झाला. घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना नवल वाटेल, पण एवढ्याशा लोकवस्तीत तेथे शंभराहून अधिक भाषा नांदतात. या देशाने तापत्या पृथ्वीच्या हिशेबाचा प्रश्न जगाच्या चावडीवर मांडला आणि चौतीस वर्षे तो सोडला नाही. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

प्रथम हिशेब कसला ते पाहू. कोळसा जाळल्याने हवेतील कर्बवायू वाढतो आणि त्यामुळे पृथ्वी तापेल, हे गणित स्वीडनचे शास्त्रज्ञ आऱ्हेनियस यांनी १८९६ सालीच मांडले होते. हा वायू लवकर विरत नाही. त्याचा मोठा भाग शतकानुशतके हवेत राहतो. म्हणून यंदाचा धूर मोजून भागत नाही, मागची बाकीही धरावी लागते. औद्योगिक क्रांतीपासून आजवर इंधन जाळून सोडलेल्या कर्बवायूत एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे. जगाच्या लोकसंख्येचा सहावा हिस्सा असलेल्या भारताचा तीन-साडेतीन टक्के. वानुआतूचा वाटा तर मोजणीत दिसणारही नाही.

वरच्या शेताचा बांध फुटला की खालच्या शेतातले पीक वाहून जाते. अशा वेळी नुकसान कोणी भरायचे, हे गावातले पंच जाणतात. वानुआतूने १९९१ साली नेमके हेच विचारले. हवामान कराराचा मसुदा तयार होत असताना लहान बेटांच्या संघटनेच्या वतीने त्याने सूचना मांडली की, एक आंतरराष्ट्रीय विमा निधी उभारावा; श्रीमंत राष्ट्रांनी आपापल्या उत्पन्नाच्या आणि धुराच्या प्रमाणात त्यात वर्गणी घालावी; समुद्र चढून ज्यांची जमीन जाईल त्यांना त्यातून भरपाई मिळावी. १९९२ साली रिओ येथे करार झाला. जबाबदारी सर्वांची, पण वाटा ज्याच्या त्याच्या ऐपतीनुसार वेगळा, हे तत्त्व त्यात आले. विमा निधीतला मात्र ‘विमा’ हा एक शब्द तेवढा कलमात राहिला. निधी राहून गेला.

पुढचा इतिहास टाळाटाळीचा आहे. १९९७ साली क्योटो येथे श्रीमंत राष्ट्रांवर धूर कमी करण्याचे बंधन घालण्याचे ठरत होते. परिषदेआधीच, जुलैत, अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी बजावले की, गरीब देशांवर बंधन नसेल तर आम्हांलाही ते नको. २००९ साली कोपनहेगन येथे २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचा शब्द दिला गेला. तो आकडा प्रथम गाठला गेला २०२२ साली, आणि त्यातही कर्जाचा भाग मोठा होता.

मार्च २०१५ मध्ये ‘पाम’ चक्रीवादळाने वानुआतू झोडपून काढला. त्या वेळी त्याचे राष्ट्राध्यक्ष बाल्डविन लॉन्सडेल जपानमध्ये, आपत्तीनिवारणाच्याच जागतिक परिषदेस गेले होते! त्याच वर्षी पॅरिस करारात ‘हानी आणि नुकसान’ हे कलम आले. पण सोबतच्या ठरावात लिहून ठेवले गेले की, या कलमाच्या आधारे कोणाला भरपाई मागता येणार नाही. दुखणे मान्य, औषधाला नकार!

आता जे सांगतो ते आमच्या शिक्षकी पेशाला सुखावणारे आहे. २०१९ साली वानुआतूतील विद्यापीठ केंद्रात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवले की, हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे न्यावा. सरकारने त्यांचे म्हणणे उचलून धरले. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव एकमताने संमत केला. मधल्या काळात, पाकिस्तानातील महापुरानंतर, २०२२ साली शर्म अल शेख येथे नुकसानभरपाईचा निधीही अखेर मान्य झाला. पुढच्या वर्षी दुबईत त्यासाठी सुमारे ७० कोटी डॉलरची आश्वासने मिळाली. त्यात अमेरिकेची होती पावणेदोन कोटी.

२३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमुखी मत दिले: हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते मोडून हानी झाली तर भरपाईची जबाबदारी येऊ शकते. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, त्याने कोणाच्या तिजोरीला कुलूप लागत नाही. परंतु १९९१ साली जी याचना ठरवली गेली, तिला हक्काची भाषा मिळाली.

या सुनावणीत भारतानेही बाजू मांडली. श्रीमंतांची ऐतिहासिक जबाबदारी ठासून सांगितली. पण आहेत त्या करारांपलीकडे नवी बंधने नकोत, असेही म्हटले. माणशी हिशेबात आपला धूर अमेरिकेच्या सातव्या हिश्शाएवढा, म्हणून हे म्हणणे रास्त आहे. तरी एकूण धुरात आज चीन आणि अमेरिकेनंतर आपलाच क्रमांक लागतो. बेटावरच्या माणसाने उद्या आपल्याकडे बोट दाखवले, तर जुनी बाकी दुसऱ्याची आहे एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होणार नाही. धनको म्हणून जो हिशेब आपण मागतो, तोच ऋणको म्हणून द्यायची तयारी ठेवली, तरच आपल्या मागणीला वजन राहील. वानुआतूचे वजन त्याच्या सैन्यात किंवा संपत्तीत नव्हते. मागणीच्या खरेपणात होते.